चाळीस लिटरांचं बिऱ्हाड

पूर्णा, निघण्याआधी

आमच्या लेकीनं आम्हाला तिच्या घरी राहायला बोलावलं आणि बोलावण्यासोबत चार पानांच्या सूचना पाठवल्या. आईबापाला सूचना पाठवून बोलावणारी लेक पूर्णेत दुसऱ्या कुणाच्या नशिबी नसेल. पण तिचं घरच तसं आहे. प्रज्ञा आणि आमचे जावई अनिकेतराव शिडाच्या बोटीवर राहतात. कोकणात विजयदुर्गाच्या खाडीत नांगर टाकून त्यांना दोन वर्षं झाली. सुट्टीपुरतं नाही, कायमचं. झोपणं, स्वयंपाक, भांडणं, सगळं त्या अडतीस फुटांत.

मी चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणून लागलो आणि गार्ड म्हणूनच निवृत्त झालो, तेव्हा मला ते नवीन नाव कुणी सांगू नये. अशा माणसाच्या हातात नियमांचा कागद पडला की त्याला जेवणाची आठवण राहत नाही. मी पेन्सिल घेऊन ओसरीत बसलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. कडक सुटकेस आणू नये, ठेवायला जागा नाही. घडी होणारी पिशवी आणावी. काळ्या तळाचे बूट चालणार नाहीत, डेकवर डाग पडतात. बोटीवर चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला असावा. जे आपण खाल्लेलं नाही ते संडासात टाकू नये, कागदाचा तुकडासुद्धा नाही. गोडं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं खाऱ्या पाण्यात.

"पुन्हा वाचा ते," आमची द्वारका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कोणतं, संडासाचं?"

"पाण्याचं. पाणी कसं वापरायचं ते मला शिकवायलीय व्हय ती?"

तिचा राग खरा होता. द्वारकाचं माहेर जिंतूर तालुक्यात माळावरचं एक खेडं. लहानपणी दोन घागरी डोक्यावर अन एक कमरेवर घेऊन तिनं उन्हाळे काढलेत, मग टँकरचे दिवस काढले. लग्न होऊन पूर्णेत आली, नदीकाठी आली, तरी आमच्या गल्लीत नळ येतो चार-पाच दिवसांनी. या बाईला पाण्यावर चार ओळी लिहून पाठवायच्या म्हणजे लेकीची हिंमतच म्हणायची.

सूचना खरं तर आमच्यासाठी नव्हत्या. प्रज्ञा अन अनिकेतराव आता बोटीवर पाहुणे ठेवणार होते. बाहेरची माणसं येणार, तीन-चार दिवस राहणार, समुद्र बघणार. पहिले पाहुणे आमच्यानंतर आठ दिवसांनी यायचे होते. आम्ही म्हणजे रंगीत तालीम. काय चुकतंय, काय कळत नाही, ते आम्ही सांगायचं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मला प्रज्ञानं फोनवर सांगितली. द्वारका घरात नाही हे माझ्याकडून कळल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, माय लोकांना काय सांगती मी कुठं राहते म्हणून?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "नाशिक," म्हणालो.

प्रज्ञा आधी नाशिकला कंपनीत होती. नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी द्वारकानं गल्लीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कुणी विचारलं की "नाशिकला हाय, बरं चाललंय." मी एकदा बोललो तर माझ्यावरच उलटली. "काय सांगू लोकायला? पोरीनं पाण्यावर बिऱ्हाड मांडलंय म्हणून सांगू? घर म्हणावं असं काय हाय तिथं? ना दार, ना अंगण, ना शेजार." जावयांच्या फोनला ती प्रेमानं बोलायची, डबे पाठवायची, पण बोटीवर पाय ठेवला नव्हता.

प्रज्ञा म्हणाली, "तिला एकदा घेऊन या. तिनं एकदा माझं घर हाय म्हणावं, बस. बाकी मला काही नको. पाहुणे येतील न येतील."

मी द्वारकाला हे काही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, लेकीच्या धंद्याचा प्रश्न आहे, तालमीला चल. ती तयार झाली, पण अट घालून. "एक रात राहीन. झोप आली तर बघू, न्हाई तर काठावर खोली करून द्या. अन ते दोघं पाहुणे पाहुणे करायलेत ना, मग मी बी पाहुण्यासारखीच राहणार. कशाला हात लावणार न्हाई." हात न लावता बसलेली द्वारका मी तीस-बत्तीस वर्षांत बघितलेली नव्हती, पण मी बरं म्हणालो.

सुटकेसवरून दोन दिवस भांडण झालं. शेवटी मी माळ्यावरून माझा जुना होल्डॉल काढला. ड्युटीवर बाहेरगावी मुक्काम पडला की हाच बरोबर असायचा, खाकी कॅनव्हासचा, पट्ट्यांचा. गुंडाळला की पोतं, उघडला की अंथरूण. लेकीच्या पहिल्या सूचनेला याहून चांगलं उत्तर नव्हतं. त्यात द्वारकानं पाच किलो ज्वारीचं पीठ, आमटीचा येसर मसाला, कारळाची चटणी, शेंगदाणे आणि वाटेतले धपाटे असं कोंबलं की माझ्या कपड्यांना एक कोपरा तेवढा राहिला. मी परभणीला जाऊन पांढऱ्या तळाचे कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून गल्लीतून चाललो तर लोक विचारायला लागले, शाळेत जायलाव का म्हणून.

खाडी, पहिला दिवस

गाडीचं वर्णन मी करणार नाही. जन्म त्यातच गेला. पनवेलला गाडी बदलली, कणकवलीला उतरलो, तिथून एसटी. काळ्या रानातनं निघालेल्या माणसाला ती लाल माती आधी ओळखूच येत नाही. द्वारकाला वाटलं विटांचा चुरा टाकलाय. आमच्याकडं नजर टाकली की दुसऱ्या गावचा लिंब दिसतो, इथं दहा पावलांवरचं घर झाडीत लपलेलं.

धक्क्यावर प्रज्ञा उभी होती. उन्हानं काळवंडली होती, हात कणखर झाले होते. ती वाकून पाया पडल्यावर द्वारकानं तिचा तळवा उलटा करून बघितला, दोरीचे घट्टे चाचपले.

रबरी होडीतून बोटीकडं निघालो. द्वारका साडी आवळून अशी बसली होती की श्वास घेतला तर होडी उलटेल. खाडीचं पाणी सपाट, दोन्ही काठांना खारफुटी, वर घारी. मधोमध पांढरी बोट उभी, उंच डोलकाठी, शिडं गुंडाळून ठेवलेली. दोरीवर अनिकेतरावांचा शर्ट वाळत होता. कपडे वाळताना दिसले की माणसाला जरा धीर येतो.

चढताना प्रज्ञा म्हणाली, "माय, एक हात कायम धरून."

"धरलाय की."

"दुसऱ्या हातात काय हाय?"

"पीठ." होल्डॉलमधून पिठाची पिशवी काढून ती हातात घेऊन आली होती, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती.

आत उतरायला शिडी. खाली एक खोली, तिच्यातच बैठक, तिच्यातच स्वयंपाक, पुढं झोपायचा त्रिकोणी ओटा, मागं दुसरा. मला ते फार आवडलं. प्रत्येक वस्तूला खण, प्रत्येक खणाला कडी. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या गार्डाच्या डब्यात, मी जन्मभर एका पेटीत दिवे, झेंडे, नियमांचं पुस्तक आणि चहाचं सामान घेऊन फिरलो, तेव्हा मला हे घर परकं वाटलंच नाही. शेगडी मात्र नवीन होती. ती दोन खुंट्यांवर टांगलेली. बोट कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून ती आपली आपण झुलते.

मग संडासाचं प्रशिक्षण. अनिकेतराव चिपळूणकडचे, दहा वर्षं जहाजावर इंजिनियर होते, शिकवायला बसले की सोडत नाहीत. "मामा, आधी ही कडी ओल्या बाजूला. पंप पंधरा वेळा. मग कडी सुक्या बाजूला. पंप दहा वेळा. मग झाकण." मी वहीत लिहून घेतलं. द्वारका दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "घाईच्या माणसानं हे कधी वाचायचं?" प्रज्ञानं लगेच नोंद केली: सूचना दारावर मोठ्या अक्षरात लावणे. तालीम चालू झाली म्हणायची.

पाण्याचंही दाखवलं. ओट्याखाली दोनशे लिटरची टाकी. नळ नाही, पायानं दाबायचा पंप. दाबलं की तोटीतून ओंजळभर पाणी येतं. दुसरा पंप खाऱ्या पाण्याचा, भांड्यांसाठी.

"टाकी कधी भरली?" द्वारकानं विचारलं.

"झाले आठ दिवस. अजून तिसरा हिस्सा असंल. उद्या सकाळी पाण्याची होडी येती, वरच्या गावच्या विहिरीचं पाणी घेऊन. उद्या भरू."

द्वारकानं हातातला पेला न पिता खाली ठेवला. मी बघितलं, पण मला त्यात काही वाटलं नाही. चौतीस वर्षं सिग्नल बघणाऱ्या माणसाला तो सिग्नल दिसला नाही.

जेवायला येसराची आमटी, बांगडे आणि भाकरी. प्रज्ञानं भाकरी केल्या, द्वारकानं हात लावला नाही. पाहुणी होती ना. पण प्रत्येक भाकरी तव्यावर पडताना बघत होती. शेवटच्या भाकरीला म्हणाली, "ही फुगली." एवढंच.

झोप तिला लागली. सकाळी विचारलं तर म्हणाली, "जरा." मी रात्री दोनदा उठलो, दोन्ही वेळा ती घोरत होती.

दुसरा दिवस, टाकी

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल.

नळ येण्याचा दिवस असला की आमच्या गल्लीत बायका उजाडायच्या आधी उठतात. घरातलं आधीचं पाणी, माठातलं, हंड्यातलं, टाकीतलं, शिळं होतं. ते अंगणात शिंपडायचं, उंबऱ्यावर ओतायचं, धुण्याला काढायचं, भांडी घासून पालथी घालायची, आणि कोरड्या भांड्यात ताजं पाणी भरायचं. शिळ्यात ताजं मिसळणं म्हणजे फुहडपणा, गबाळेपणा. पाच दिवस थेंबथेंब वाचवणारी बाई सहाव्या दिवशी सकाळी अर्धा हंडा सहज ओतून देते, आणि तिला त्यात काही विसंगती वाटत नाही. मला पण कधी वाटली नव्हती.

सकाळी प्रज्ञा अन अनिकेतराव होडी घेऊन भाजी आणायला गेले. मी वर डेकवर बसलो. खाडीवर धुकं, बगळे, पलीकडून कुणाच्या तरी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पाण्यावर पडल्याचा आवाज. खालून पंपाचा आवाज येत होता. धप, धप, धप. मला वाटलं, भांडी विसळत असंल. बराच वेळ तो आवाज आला. मग द्वारका बादली घेऊन वर आली, डेकवर ओतली, फडक्यानं पुसून घेतलं. पुन्हा खाली. पुन्हा धप, धप. चार-पाच खेपा झाल्या. मी म्हणालो, "तू तर हात लावणार नव्हतीस."

"किती कळकट हाय बघा. अन पाहुणे यायलेत." मला आनंद झाला. लेकीच्या घराला बाई हात लावायली, तालीम यशस्वी व्हायलीय, असं माझ्या मनात आलं.

भाजी घेऊन दोघं परत आले तेव्हा द्वारका घामानं डबडबलेली, पदर खोचलेला, चेहरा समाधानी. "टाकी कोरडी करून ठेवलीय," ती म्हणाली. "शिळं समदं काढलं. आता भरा ताजं."

अनिकेतरावांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यांनी पंप दाबून बघितला. हवा आली. प्रज्ञानं पण दाबून बघितला. तोवर तिचा फोन वाजला. पाण्याच्या होडीवाला होता. होडीचं मशीन बंद पडलंय, सुटा भाग आणायला माणूस गेलाय, तीन दिवस तरी काही येत नाही, म्हणाला.

मी प्रज्ञाकडं बघत होतो. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. खणातून सूचनांचे कागद काढले, पाण्याचं पान बघितलं, आणि हळूच म्हणाली, "हे मी लिहायलाच पाहिजे होतं." आणि कागद परत ठेवले. मला माझ्या लेकीचं तेव्हा फार वाईट वाटलं. तिनं दोन वर्षं वाट बघितली, आई आली, आणि आईनं घरातलं पाणी ओतून दिलं.

अनिकेतराव हिशोबी माणूस. म्हणाले, "मामी, काळजी नको. धक्क्यावरचं पाणी मचूळ आहे, पिता येत नाही. मी वरच्या गावातून होडीनं कॅन भरून आणतो, दिवस जाईल. उद्या बाहेर समुद्रात जायचं ठरलंय ते रद्द करू. तुम्हा दोघांना किनाऱ्यावर खोली बघतो."

खोली. द्वारकाला तर खोलीच हवी होती. मी मनात म्हणालो, संपलं. आता ही उठणार, पिशवी भरणार, आणि नाशिक ते नाशिकच राहणार.

द्वारका कोपऱ्यात बसली होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिनं विचारलं, "टाकीशिवाय दुसरं काहीच न्हाई?"

"अडीअडचणीचे दोन कॅन आहेत. वीस-वीस लिटरचे. सीलबंद," अनिकेतराव म्हणाले.

"म्हंजी चाळीस."

"हो."

"चार माणसं, तीन दिवस."

"हो, पण मामी..."

"मग लय झालं की," द्वारका म्हणाली आणि उठून उभी राहिली. "माझ्या मायनं चाळीस लिटरमधी सात माणसं अन एक म्हातारी शेळी चार दिवस सांभाळलीय. तुमी कुठं बी जाऊ नका. उद्या जायचं तिथं जाऊ. प्रज्ञा, पेले काढ. पाण्याला आता माझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई."

त्या क्षणी तिचं पाहुणेपण संपलं. आम्हाला कुणालाच वेगळं सांगावं लागलं नाही.

तिसरा दिवस, खाडीबाहेर

द्वारकाच्या राज्यात काय काय झालं ते सांगतो. प्रत्येकाला एक पेला, त्यावर दोऱ्याची वेगळी खूण, तोच दिवसभर, विसळायचा नाही. सकाळी प्रत्येकाची बाटली तिच्या हातानं भरणार. ती संपली तर "सबर करा." ताटं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची, मग खाऱ्या पाण्यात, मग कोरड्या फडक्यात. गोडं पाणी भांड्याला लागणार नाही. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. अंघोळ डेकवर बादलीनं समुद्राची, शेवटी एक तांब्या नाही, एक वाटी गोडं पाणी तोंडाला आणि डोळ्यांना. मी वाटी मागितली तर म्हणाली, "तुमाला डोळे किती हायेत?"

अनिकेतराव आधी हसत होते. मग भाकरीच्या वेळी त्यांचं हसू थांबलं. द्वारकानं खाडीच्या तोंडावरून भरलेली समुद्राच्या पाण्याची कळशी जवळ घेतली, त्यातलं थोडं पिठात घातलं, बाकी गोडं. "मीठ घालतोच की आपण," ती म्हणाली. "मग मीठ वेगळं कामून?" भाकरी खाऊन जावई म्हणाले, दहा वर्षं समुद्रावर काढली पण हे मला कुणी शिकवलं नाही. प्रज्ञा वही घेऊन लिहीत होती.

त्या दिवशी आम्ही शिडं उघडून खाडीबाहेर गेलो. किल्ल्याची भिंत पाण्यातूनच वर आलेली, काळी, लाटा पायाशी. मोटार बंद केली आणि एकदम शांतता झाली. बोट कलली. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला काही लागत नाही, ब्रेकव्हॅनमध्ये चौतीस वर्षं हादरे खाल्लेत. किल्ला मागं पडला तशी मी भाषणं थांबवली. पंधरा मिनिटांनी मी कठड्याला लटकलो होतो. सूचना नंबर अकरा: ओकारी आल्यास वाऱ्याच्या खालच्या बाजूला जावे. मी वरच्या बाजूला होतो. माझे पांढरे बूट कामातून गेले.

द्वारकाला काही झालं नाही. ती मागं सुकाणूपाशी प्रज्ञाशेजारी बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट बांधून. थोड्या वेळानं प्रज्ञानं सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला. "माय, तो किल्ल्याचा कोपरा दिसतो का? तो शिडाच्या दोरीपाशी ठेवायचा. सरकला तर दांडा हळूच ओढायचा." द्वारकानं दोन्ही हातांनी दांडा धरला. डोळे कोपऱ्यावरून हलवले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाई का गं इथं?"

"वाटतं. पावसाळ्यात लय वाटतं. तेव्हा बोट वर काढतो."

"मग कामून राहतीस?"

प्रज्ञानं शिडाची दोरी जरा आवळली. "इथं सगळं मोजून राहतं, माय. पाणी मोजून, वीज मोजून, सामान मोजून. नाशिकला फ्लॅटमधी नळ सोडला की पाणीच पाणी, मला झोप येत नव्हती. इथं तुझ्या घरासारखं वाटतं."

मी कठड्याला अर्धा लटकून हे ऐकलं. द्वारकानं दांडा सोडला नाही, आणि परत खाडीत येईपर्यंत कुणाला धरू दिला नाही. मला तेव्हा रडू आलं. ओकारीमुळं डोळ्यांत पाणी आलंच होतं, तेव्हा कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी खाडीत नांगर टाकल्यावर द्वारका डेकवर पाय पसरून बसली आणि प्रज्ञाला सांगायला लागली, ती लिहायला लागली. पाचवं पान तयार झालं. पेल्याला दोरा बांधावा. भाकरीत समुद्र घालावा. आणि सगळ्यात वर प्रज्ञानं लिहिलं: टाकीतलं आधीचं पाणी ओतून देऊ नये.

"खोडून टाक ते," द्वारका म्हणाली. "शहरातल्या माणसाला कशाला सुचतंय तसं?"

"राहू दे," प्रज्ञा म्हणाली. "तुझ्यासारखं कुणी आलं तर."

"माझ्यासारखं कोण यायलंय," द्वारका म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या दोघींना एकत्र हसताना मी किती दिवसांनी बघत होतो.

निघताना

पाचव्या दिवशी सकाळी पाण्याची होडी आली. होडीवाल्यानं पाईप आत टाकला. कॅनमध्ये अजून सहा लिटर शिल्लक होतं. चौघांचे तीन दिवस जाऊन सहा लिटर. अनिकेतरावांनी ते ओतून द्यायला कॅन उचलला तर द्वारकानं हात धरला. "आधी हे टाकीत जाऊ द्या. मग त्याचं." आमच्या घरात जे कधी झालं नाही ते तिनं स्वतःच्या हातानं केलं, शिळं आधी आणि ताजं वरून.

मग प्रज्ञानं एक नवी वही आणली. पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची. पहिलं पान आमचं. मी रीतसर लिहिलं: तालीम समाधानकारक, संडासाची सूचना दारावर लावावी, ओकारीची सूचना अकरावरून पहिल्या नंबरवर घ्यावी, खाली सही. मग वही द्वारकापुढं केली.

तिनं घेतली नाही. "ही पाहुण्यांची हाय ना?"

"हो."

"मग मला कशाला देतीस?"

प्रज्ञानं वही छातीशी धरली आणि पाणी भरणाऱ्या होडीवाल्याकडं बघत उभी राहिली. अनिकेतराव उगाच दोरी गुंडाळायला लागले. द्वारकानं होल्डॉलच्या पट्ट्या आवळल्या आणि मला म्हणाली, चला, गाडी चुकंल.

पूर्णा

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी नळाचा वार होता. गल्लीत सकाळीच भांड्यांचा आवाज. मी ओसरीत चहा घेत होतो. नसीमबी आमच्या शेजारच्या, पंचवीस वर्षांचा शेजार, त्या पाईप लावून उभ्या होत्या. द्वारका घागर घेऊन आली तशी त्यांनी विचारलं, "काय बहन, नाशिकला जाऊन आल्या? कशी हाय पोरगी?"

मी कप खाली ठेवला.

"नाशिकला न्हाई," द्वारका म्हणाली. "पोरीच्या घरी गेलो होतो. ती बोटीवर राहती, कोकणात, समुद्राच्या कडंला. दोन वर्षं झाली. मी सांगितलं न्हाई तुमाला."

आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी मान वळवली. नसीमबींनी पाईप भरलेल्या हंड्यातून काढून दुसऱ्यात टाकला. मग त्यांनी आमच्या गल्लीत कुणाच्याही घराबद्दल पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं.

"या अल्ला. अन पाण्याचं कसं?"

"पाण्याचं मी लावून दिलंय," द्वारका म्हणाली आणि भरलेली घागर कमरेवर घेतली.